प्लास्टिकखालच्या रेघा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझ्या आतेबहिणीसोबत, शनिवारी, भर दुपारी पावणेदोन वाजता, तिच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. शेजारी रेडिओ चालू होता.

तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिचा धाकटा भाऊ म्हणजे पेन्सिल्या. कानावर कायम पेन्सिल, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षांचा घोडा, पण दिवा लावल्याशिवाय झोपायचा नाही. ताई त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायची.

दर रविवारी ही भावंडं आणि त्याचे दोन मित्र टेबलाभोवती बसून एक जुन्या पद्धतीचा खेळ खेळायचे. कागद, पेन्सिल, फासे. ताई गोष्ट चालवायची, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचे. समोर काय दिसतंय ते ती सांगायची. पेन्सिल्या तेवढ्यावर चौकटीच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढायचा. कोपऱ्यात उरलेल्या मशाली. एक जळून संपली की तिच्यावर फुली.

शेवटचा डाव अर्धवट राहिला. तो अजून भुयारातच होता, चार मशाली शिल्लक.

"ताई, पुढच्या रविवारी मला बाहेर काढ हां," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो दवाखान्यात होता. साधा ताप म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशी गेला.

वर्षभराने मित्रांनीच विषय काढला. एक शेवटचा डाव खेळू, त्याला बाहेर काढू, मग खेळ कायमचा बंद.

ताई जीव ओतून तयारीला लागली. राक्षसांची कार्डं, खोल्यांच्या टिपा, फाशांचे तक्ते... सगळं छापलं, कापलं, लॅमिनेट केलं. त्याच्या हातचा नकाशाही. तो कागद लॅमिनेशनच्या प्लास्टिक पाउचपेक्षा बोटभर मोठा होता, कडेला विरलेला. तिने सवयीने कटरखाली धरला आणि एक पट्टी उडवली.

हे शुक्रवारी.

शनिवारी दुपारी मशिनं बंद करून ती डबा उघडत होती. आणि...

खर्र... खर्र...

पेन्सिलचा आवाज. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

टेबलावर नकाशा होता. चारांपैकी एका मशालीवर फुली.

तिने अंगठ्याने पुसून पाहिलं. वर गुळगुळीत प्लास्टिक. फुली आत होती...

मग तिच्या डोळ्यांदेखत एक रेघ सरकली. एक चौकट. अजून एक.

"पेन्सिल्या?"

रेघ थांबली... आणि पुन्हा निघाली.

ती घाबरली नाही. उलट तिला आनंद झाला, तिने स्वतः मला सांगितलं. खुर्ची ओढून ती पूर्वीसारखी बोलायला लागली. "डावीकडे वळ. आता सरळ. समोर पायऱ्या आहेत, त्या वर जातात."

रेघ डावीकडे वळली. सरळ गेली. कागदाच्या कडेला आली...

थांबली. मागे फिरली. पुन्हा आली. पुन्हा थांबली.

तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर पडायच्या पायऱ्यांची जागा त्याच कडेला होती. कापलेल्या पट्टीवर.

तिने कचऱ्याची टोपली उपडी केली. रिकामी. रद्दीवाल्याला फोन लावला.

"सकाळचा माल ना? तो केव्हाच लगद्याला गेला, ताई."

तिने मार्करने प्लास्टिकवर पायऱ्या काढल्या. रेघ खालून निघून गेली. ब्लेडने पाउच उघडायला घेतलं, तर प्लास्टिकबरोबर कागदही सोलून यायला लागला. वीस वर्षांचा धंदा... एकदा चिकटलेलं सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिने ब्लेड ठेवलं.

चार वाजता दुसरी मशाल गेली. दुकान बंद करताना तिसरी.

चौथी रविवारी सकाळी.

त्यानंतर रेघा सरळ येईनात. वाकड्यातिकड्या, एकमेकींवर चढलेल्या, भिंत चाचपत चालल्यासारख्या. आणि कोपऱ्यात थरथरत्या अक्षरांत...

"ताई, काय दिसतंय?"

मित्र आले, त्यांनी पाहिलं, आणि फासे टेबलावरच टाकून गेले.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. दुकानाचं शटर अर्धं खाली. टेबलावर नकाशा, त्यावर भर दिवसा दोन दिवे रोखलेले. ताई निम्मी झाली होती. आवाज पार बसलेला, तरी बोलणं चालूच.

"उजेड आहे रे इथे. भिंत दिसतेय ना? चल, पायऱ्या आल्याच."

रेघ निघाली. मी पाहिली. अडखळत कडेपर्यंत आली...

थांबली.

मी विचारलं, "ताई, खोटं का सांगतेस त्याला?"

तिने मान वर केली नाही.

"मी गप्प बसले की त्याला वाटतं, मी उठून गेले."

त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. कधीतरी तिचा फोन येतो. मी आधी मागची ती खर्र... खर्र ऐकतो... आणि फोन ठेवून देतो.