चढावरची टिकटिक

चढाच्या ऐन मध्यावर गाडीने पुन्हा तो आवाज सुरू केला आणि तिने वैतागून ती रस्त्याच्या कडेला घेतली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवावेत तसा आवाज. सपाटीवर नाही, उतारावर नाही, फक्त चढावर. गाडी बाबांची, वयाने तिच्याहून मोठी आणि स्वभावाने थेट बाबांवर गेलेली. वर टेकडीवरच्या शाळेत मुलं कान तपासून घ्यायला खोळंबली असणार, आणि ती इथे बॉनेट उघडून, काय बघायचं ते न कळता, इंजिनावर डोळे वटारून उभी होती.

"रागावून काही होत नाही. मी करून बघितलंय," मागून कोणीतरी म्हणालं.

स्कूटर उभी करून एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस तिच्याकडे येत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून पाना डोकावत होता. "खालच्या चौकात माझं गॅरेज आहे. काय होतंय?"

"आवाज येतो."

"चालू करा बघू."

तिने चालू केली. इंजिन इतकं गुमान चालू लागलं की तिला त्याला लाथ घालावीशी वाटली.

"कुठे येतोय?"

"आत्ता नाही. चढावर येतो."

"चढावरच आहोत आपण."

"चालताना येतो," ती दात आवळून म्हणाली.

त्याने वाकून कान इंजिनाजवळ नेला, डोळे मिटले. पापण्या चांगल्याच लांब होत्या. "मस्त चाललंय," तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे बघा, मी कान तपासते. ते माझं काम आहे. मला नसलेले आवाज ऐकू येत नाहीत."

"अरे वा, कानवाल्या मॅडम," तो हसला. "मग गॅरेजला आणा. तिथे ती खरं बोलेल." हसताना त्याच्या गालाला खळी पडली. ती आपल्याला दिसली याचाच तिला आणखी राग आला.

गॅरेजमध्येही गाडी खरं बोलली नाही. तो इंजिन रेटून बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "इथे तर काही नाही." आधी त्याने दोष पेट्रोलला दिला. जुन्या इंजिनाला हलकं पेट्रोल सोसत नाही, चांगल्यातलं भरा. तिने भरलं, आवाज होता तसाच. मग त्याने इंजिन उघडून आत साचलेली काजळी खरवडून काढली. आवाज जरा नरमला, पण गेला नाही. तिसऱ्यांदा तो "इथे तर काही नाही" म्हणाला तेव्हा तिने पर्स खांद्याला लावली.

"चला माझ्याबरोबर. गाडी राहू दे, आधी तुमचे कान तपासू."

तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आवाज बाहेरून आत येणार नाही अशा खोलीत, काचेपलीकडे, मोठे हेडफोन लावून तो शाळकरी पोरासारखा बसला. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, तिने सांगितलं. ती आवाज बारीक करत गेली, आणखी बारीक, आणि तो दाबत गेला. मग तिने काहीच सोडलं नव्हतं तेव्हाही त्याने दाबलं.

"आत्ता का दाबलंत? आवाज नव्हता."

"तुम्ही हसलात."

"हसण्याचा आवाज काचेतून येत नाही."

"मला आला," तो म्हणाला.

तिने मान खाली घातली आणि यंत्राची बटणं उगाच वरखाली केली. आपले कान लाल झाले आहेत हे तिला आरशाशिवाय कळत होतं. त्याचे कान मात्र ठणठणीत होते, अगदी मांजराचे.

"मग चढावर चला," ती म्हणाली. "आत्ता."

चढावर त्याला पहिल्याच वळणाआधी आवाज ऐकू आला आणि त्याचा चेहरा उतरला. "सॉरी, मॅडम. पहिल्याच दिवशी गाडीत बसून यायला हवं होतं मी." गॅरेजमध्ये परत आल्यावर त्याने समजावलं. पिस्टन वर पोहोचायच्या फार आधीच ठिणगी पडते आहे. माणूस जिना चढत असताना वरून कोणी त्याला धक्का द्यावा, तसं होतंय. "हा नुसता आवाज नाही. असंच चालू राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडेल. या गाडीचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत. सरळ भंगारात जाईल."

तिला बाबा आठवले. निवृत्त झाल्यापासून बाबा सकाळी उठायचे ते या गाडीसाठी. धुणं, पुसणं, तिच्याशी बोलणं, ती संध्याकाळी परतली की पुन्हा पुसणं. तिला गाडी नसती तर बसने जाता आलं असतं. बाबा उठून काय करणार होते?

त्याने ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला, तो डबा बोटभर मागे फिरवला, पुन्हा आवळला. परत चढावर गेले दोघं. काचा खाली, वारा आत, आणि... काही नाही. शेजारी त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता नाही येत," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हिरमुसली.

हिरमुसायची गरज नव्हती. पुढच्याच सोमवारी आवाज हजर.

मग तसंच सुरू झालं. तो दुरुस्त करायचा, आठवडा सरला की आवाज परत यायचा आणि ती तणतणत गॅरेजमध्ये. तो स्टूल फडक्याने पुसून ठेवायचा, चहा सांगायचा, तिच्या चहात साखर नको हे त्याला न सांगता लक्षात राहायला लागलं होतं. घरी ती बाबांना म्हणायची, "बाबा, गाडी फार आवाज करते."

"कसला आवाज? लोण्यासारखी चालते."

"आणि टीव्ही बारीक करा. शेजारी तक्रार करताहेत. एकदा कान तपासू या ना."

"माझ्या कानांना काही झालेलं नाही. तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता."

या विषयावर तिने कधीच हात टेकले होते.

एका रात्री जेवताना मात्र तिचा घास हातातच राहिला. असे कान असलेला माणूस, आणि त्याला एक टिकटिक कायमची घालवता येत नाही? मुद्दाम तर करत नाही? तिला संताप आला. संतापाच्या तळाशी भलतंच काहीतरी गुदगुल्या करत होतं, त्याचा तर जास्तच संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये शिरली ती भांडायच्या तयारीनेच. "मला खरं सांगा—"

"मीच तुम्हाला विचारणार होतो," तो म्हणाला. तोही घुश्शात होता. त्याने तिला बॉनेटखाली बोलावलं. "ही पांढरी रेघ दिसते? मागच्या वेळी मी ओढलेली. अर्धी डब्यावर, अर्धी खालच्या भागावर. आता बघा, वरची अर्धी पुढे गेलीये. हे आपोआप होत नाही. कोणीतरी बोल्ट सैल करून फिरवतंय."

"कोण?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "मला वाटलं... तुम्ही."

"मी? मी कशाला?"

"म्हणजे... इथे यायला निमित्त..."

"मी तुम्हाला भेटायला बापाची गाडी बिघडवते?"

"तुम्ही आत्ता काय विचारायला आला होतात?"

दोघांनाही चांगलंच लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर, समोरच्याने ते केलं नव्हतं याचंच जास्त लागलं होतं.

"मग आहे कोण?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उत्तर कळलं.

रविवारी सकाळी तो तिच्या घरी आला तेव्हा अंगणात बॉनेट उघडं होतं आणि बाबा पाना घेऊन आत वाकले होते. पकडलं गेल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हती.

"तुम्ही आजकालची पोरं मशीन लावून ठिणगीचं टायमिंग बघता," त्यांनी मेकॅनिकला सुनावलं. "ते कानाने लावायचं असतं. हळूहळू पुढे घ्यायचं. चढावर टिकटिक ऐकू आली, की केसभर मागे. आयुष्यभर असंच लावलंय मी."

"आणि काका, ऐकू आली टिकटिक?"

"अजून नाही ना. म्हणून तर दर रविवारी थोडं पुढे घेतो."

ती ओरडणारच होती. त्याने हलकेच तिच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाला, "चला काका, एक फेरी मारू."

चढावर खड्यांचा डबा नुसता थैमान घालत होता. गाडी तो चालवत होता, शेजारच्या सीटवर बाबा डोळे मिटून, मान डोलावत बसले होते. "बघ, कशी गाते आहे."

मागून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, सावकाश म्हणाली, "बाबा, टिकटिक येतेय. आत्ता. खूप येतेय."

त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याने होकारार्थी मान हलवली. "पिस्टन जायच्या बेतात आहे, काका."

बाबांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. "म्हणजे मीच हिला..." तिला एकदम रडू फुटलं, इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. घर जवळ आल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझं ते कान तपासायचं मशीन रविवारी चालू असतं का?"

कानातली यंत्रं आली त्या दिवशी सकाळी तिनेच ती बाबांच्या कानांत बसवली. मग ती त्यांना घेऊन गॅरेजमध्ये गेली. बाबा स्टिअरिंगवर बसले, इंजिन चालू राहिलं, आणि बॉनेटच्या आडोशाला त्याने नवी रेघ ओढली.

"आता नाही हलणार," तो म्हणाला.

"म्हणजे आता सोमवारी यायचं कारण नाही."

"नाही."

"ऑइल?"

"नुकतंच बदललंय."

"प्लग?"

"नवे आहेत."

"इतकं चांगलं काम करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती वैतागून म्हणाली.

तो हसला, खळी पडली, आणि मग हसू मावळलं. "कारणाशिवाय आलात तर... चालेल मला. नाही, चालेल काय. मला तुम्ही आवडता. त्या दिवशी इंजिनावर डोळे वटारून उभ्या होतात, तेव्हापासून."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"गाडी दुरुस्त करत होतो."

या माणसापुढे डोकं आपटावं की त्याच्या खांद्यावर टेकावं, तिला कळेना. "मला वाटलं होतं तुम्हीच बिघडवताय," ती पुटपुटली. "आणि मला ते... आवडलं होतं."

इंजिन धाडकन बंद पडलं. दोघं दचकून ताठ झाले.

"बाबा, काय झालं? आवाज आला का?"

"आला म्हणून तर बंद केलं," बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आपण सकाळी काय केलं होतं ते तिला आत्ता आठवलं. "पोरा, ते मघाचं परत बोल. इंजिनामुळे मधलं काही कळलं नाही. आणि आता दोघंही तोंडातल्या तोंडात बोलू नका."