एकेचाळीस विहिरी

कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या डिजिटल फळ्यावर लिहिलं होतं, 'आजचे पोहे ताजे आहेत.' त्याच्याखाली साक्षीनं आपला आकडा टाकला होता : भरवसा ३८. तरी पोरं पोहे खात होती. भूक आकडे बघत नाही.

साक्षी येऊन चार वर्षं झाली होती. कुठल्याही पडद्यावर कुणी विधान केलं की ही यंत्रणा जगभरच्या नोंदी डोळ्याची पापणी लवेपर्यंत चाळायची आणि खाली शंभरपैकी आकडा द्यायची. विधानाला भरवसा, तसा माणसालाही भरवसा. लोकांनी हुश्श केलं आणि विचार करायचं काम कायमचं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

"हे बघ," निखत मोबाइल पुढे करत तृप्तीला म्हणाली. "मी लिहिलं, 'मी आज आंघोळ केली.' भरवसा एकतीस! मेलीला वास येतो की काय?"

तृप्ती कुमरे हसली नाही. एरवी हसली असती. दोघी होस्टेलच्या एका खोलीत राहत, एका बादलीवर भांडत. पण आज तिच्या डोक्यात इंगोले मॅडमचा गृहपाठ होता.

इंगोले मॅडम ग्रंथपाल होत्या आणि 'शोध-साक्षरता' नावाचा विषय शिकवत. साक्षी असताना शोध कशाला घ्यायचा, म्हणून वर्गात साठातली अकरा पोरं बसत. मॅडमना पर्वा नव्हती. त्या म्हणत, "आकडा बघू नका, मूळ गाठा. तीनच प्रश्न विचारा. कोणी पाहिलं? कधी पाहिलं? कशानं मोजलं? 'असं म्हणतात' हे उत्तर आलं तर अजून खाली उतरा." असल्या सवयीपायी मॅडमचा स्वतःचा भरवसा सत्तावन्नावर आला होता. साक्षीला शंका घेणारी माणसं आवडत नसत.

गृहपाठ साधा होता. आपल्या गावाबद्दलचं एक विधान घ्यायचं आणि त्याचं मूळ शोधून काढायचं. तृप्तीनं विधान घेतलं : 'टेंभुरदऱ्यातल्या विहिरींचं पाणी पिण्यायोग्य आहे.' भरवसा ९६.

हे खोटं आहे हे तिला ठाऊक होतं. तिची मोठी बहीण रेश्मा सव्वीस वर्षांची होती आणि तिला मांडी घालून बसता येत नव्हतं. दातांवर तपकिरी पट्टे, गुडघे लाकडासारखे. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, ते हाडांत साचतं. त्याच्या त्या वाक्याला साक्षीनं बावीस दिले आणि सहा महिन्यांत डॉक्टर बदलून गेला. गावानं पाणी गाळायच्या संयंत्रासाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही परत आले. वाचले कुणीच नव्हते. अर्जातल्या विधानाचा भरवसा पन्नासाच्या खाली असला की तो आपोआप माघारी फिरतो. महिनाअखेर योजनाच बंद होणार होती. तिसरा अर्ज गेला नाही, तर पुढची पाच वर्षं गावानं तेच पाणी प्यायचं.

म्हणून तृप्ती त्वेषानं बसली. विधानामागे दोनशे चौदा आधार होते. बातम्या, अहवाल, दोन प्रबंध, एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचं माहितीपत्रक. ती एकेक सोलत गेली. बातमी अहवालावर टेकलेली, अहवाल प्रबंधावर, प्रबंध पुन्हा दुसऱ्या बातमीवर. कुणीही विहिरीत पोहरा टाकलेला नव्हता. दोनशे चौदा तोंडं आणि घास एकच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ लागला. ते एका शाळेच्या बक्षीसपात्र प्रकल्पाचं स्कॅन केलेलं पान होतं. एकेचाळीस विहिरी, एकेचाळीस आकडे, हातानं लिहिलेले. त्यातल्या नऊच्या आकड्याला खाली लांब शेपूट होतं.

असा नऊ तृप्ती अजूनही काढायची.

आठवीतली गोष्ट. भोयर सरांनी पाच जणांची टोळी पाणी तपासायला पाठवली होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे चार थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर ठीक, पिवळं पडलं तर फ्लोराईड जास्त; रंगपट्टीशी ताडून आकडा लिहायचा. शाळेजवळच्या तीन विहिरी झाल्या, तिन्ही गुलाबी, आणि औषध संपलं. सर म्हणाले, "जमीन तीच, पाणी तेच. भरून टाका." मग पोरं चिंचेखाली बसली. अक्षर चांगलं म्हणून लेखणी तृप्तीकडे. ०.६, ०.७, ०.६, सगळे एकच्या आत, म्हणजे सुरक्षित. संशय येऊ नये म्हणून मध्येच एखादा ०.९. अर्ध्या तासात अडतीस विहिरी तपासून झाल्या. जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. पुढं साक्षी आली, तिनं ते बक्षीस जमेस धरलं, आणि तृप्तीचा भरवसा चौऱ्याहत्तर झाला. त्याच आकड्यावर तिला हे कॉलेज मिळालं, होस्टेल मिळालं.

"मॅडम," ती म्हणाली, "मूळ सापडलं. मीच आहे."

इंगोले मॅडमनी पान पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, त्याचंच तृप्तीला जास्त लागलं. "काय करणार?"

"तक्ता खोटा आहे म्हणून नोंदवते."

"थांब जरा. विचार कर. साठाच्या खाली गेलीस तर होस्टेल जाईल."

"आणि नाही नोंदवलं तर?"

तृप्तीनं लिहिलं, 'हा तक्ता आम्ही न मोजता भरला. तो मी माझ्या हातानं भरला,' आणि पाठवून दिलं.

साक्षीनं डोळा मिचकावला. भरवसा १२. कारण : विधान करणारी व्यक्ती स्वतःच खोटं बोलल्याचं सांगते. तिचं विधान ग्राह्य धरता येत नाही.

तिचा स्वतःचा आकडा चौऱ्याहत्तरवरून एकेचाळीसवर कोसळला. पाठोपाठ होस्टेलची नोटीस : आठ दिवसांत खोली रिकामी करा. तिनं घाबरत विहिरींचं विधान उघडलं. ९६. केसालाही धक्का नाही.

खोटं बोलणारी तृप्ती बुडाली. तिचं खोटं मात्र मजेत तरंगत राहिलं.

"म्हणजे खरं बोलायचं दारच नाही?" ती ओरडली. ग्रंथालयात ओरडायची ती पहिलीच वेळ.

"एक फट आहे," मॅडम म्हणाल्या. "साठाच्या वरच्या माणसानं स्वतः हजर राहून, डोळ्यांनी बघून, उलट नोंद केली तर विधान फेरतपासणीला उघडतं. पण नव्वदच्या वरच्या विधानाविरुद्ध बोललं की बोलणाऱ्याचे वीस कापले जातात. म्हणून कुणी बोलत नाही. माझे तर साठही नाहीत."

निखतचा भरवसा अठ्ठ्याऐंशी होता. तिला वकील व्हायचं होतं आणि कायद्याच्या कॉलेजात ऐंशीच्या खाली कुणाला उभं करत नाहीत. तृप्तीनं तिला सगळं सांगितलं, पण काहीच मागितलं नाही.

"मी नुसती सोबत येते," निखत म्हणाली. "सही-बिही सांगू नको हां."

रविवारी सकाळी दोघी टेंभुरदऱ्यात उतरल्या. मॅडमनी प्रयोगशाळेतून औषधाची बाटली मिळवून दिली होती. रेश्मा काठी टेकत घराजवळच्या विहिरीवर आली. कठड्यावर बसण्याआधी तृप्तीनं तिला तक्त्याची गोष्ट सांगून टाकली, एका दमात, खाली मान घालून.

रेश्मानं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे माह्या गुडघ्यावर तुही सई हाये."

"बाई..."

"रडू नोको. रडून काय पाणी बदलते? तवा नाही मोजलं, आता मोज."

तृप्तीनं पोहरा सोडला. नळी भरली. थेंब टाकले, एक, दोन, तीन, चार. पाणी गुलाबी झालं आणि तिच्या डोळ्यांदेखत फिकट होत, हळदीच्या पाण्यासारखं पिवळं पडलं. तिनं मोबाइल पुढे धरून नोंद केली. साक्षीनं तत्परतेनं आकडा टाकला : भरवसा ९.

निखतनं नळी तिच्या हातातून घेतली आणि उन्हात धरली. तिच्या दुसऱ्या हातात तिचा मोबाइल होता. पडद्यावर प्रश्न उघडला होता, 'तुम्ही स्वतः पाहिलं का?' आणि खाली बारीक अक्षरांत, नोंद केल्यास किती वजा होतील ते. तिचा अंगठा काचेवर टेकला नव्हता, पण मागेही गेला नव्हता. अजून चाळीस विहिरी बाकी होत्या.

रेश्मानं काठीवर भार देत मान पुढे काढली. आधी नळीकडे पाहिलं, मग दोघींच्या तोंडाकडे.

"काय वं पोरीहो," ती म्हणाली, "पिवळं दिसते न तुमाले बी?"