चंदरचा कोरा गाल

सकाळी नळ गेला की सुमेधा हंडे झाकायची, स्टोव्हवर चहा ठेवायची आणि तो उकळेपर्यंत रंगभूषेची पेटी पुसून घ्यायची. अंबरनाथला शिवमंदिरापलीकडच्या वस्तीतलं नाटकमंडळ दर जयंतीला नवं नाटक बसवायचं, आणि चेहरे रंगवायचं काम तिच्याकडे असायचं. त्या रविवारीही पेटी लख्ख पुसून झाली. फक्त चहा उतू गेला, कारण तिच्या मनातून जयदेव जात नव्हता.

जयदेव कारखान्यात वायरमन होता आणि मंडळाचे दिवे सांभाळायचा. लहानपणी भडक्यानं त्याचा डावा गाल भाजला होता. तो नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून बसायचा. तालमीत सुमेधा मात्र त्याच्याकडेच बघत राहायची.

"काय शोधतेस एवढं?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"उजेड कुठून येतो ते."

"उजेड दिव्यातून येतो, माझ्या चेहऱ्यातून नाही."

"तुला काय माहीत…"

तो दिवा उगाच इकडेतिकडे फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी वांगणीहून येताना त्यानं तिच्यासाठी द्रोणभर कच्ची करवंदं आणली.

पहिला प्रयोग आदल्याच दिवशी, शनिवारी, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये झाला होता. चंदर खलनायक सर्जेराव करत होता. दिग्दर्शक भीमरावकाकांना त्याचा गाल सिनेमातल्या व्हिलनसारखा जळका हवा होता. सुमेधानं तो कापूस आणि गोंदानं हुबेहूब केला. प्रयोग संपल्यावर पोरं "ए सर्जेराव" ओरडत धावली — चंदरमागे नाही, जयदेवमागे. जयदेवनं चंदरच्या गालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आपण कुणाचा गाल काढला, हे तिलाही तेव्हाच उमगलं.

उतू गेलेला चहा तसाच ठेवून ती त्याच्या दारी गेली. तो वायर गुंडाळत होता.

"आजच्या प्रयोगाला मी येणार नाही. दिवे पदू बघेल."

"मुद्दाम नाही रे केलं. हात आपोआप…"

"लहानपणी चोर-पोलीस खेळताना मला कुणी पोलीस होऊ दिलं नाही. पोरं म्हणायची, तुझं तोंडच पिक्चरमधल्या चोराचं. वाटलं, तू तरी वेगळं बघतेस." त्यानं वायरचा वेढा आवळला. "तू नमुना बघत होतीस."

"नमुना एका तालमीत पाठ झाला होता, जयदेव. त्यानंतरही बघतच होते."

तो गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडू लागला.

संध्याकाळी तिनं चंदरला पावडर लावली, भुवया रेखल्या आणि पेटी बंद केली.

"अगं, गाल राहिला," भीमरावकाका म्हणाले.

"राहिला नाही, काका. काढणारच नाही."

"मग हा बदमाश आहे हे लोकांना कळायचं कसं?"

"चंदर करून दाखवेल."

"म्हणजे आता ॲक्टिंग करावी लागणार," चंदर आरशात बघत पुटपुटला.

त्यानं ती केली. दुसऱ्या प्रवेशातच पुढच्या रांगेतल्या रखमामावशींनी त्याला मोठ्यानं शिवी हासडली. तेवढ्यात पदूला तारा द्यायला आलेला जयदेव विंगेत थबकला. चंदरच्या कोऱ्या गालाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग पदूला उठवून दिव्यांपाशी बसला — नेहमीसारखा, डावी बाजू भिंतीकडे.

सुमेधानं आपलं स्टूल उचललं आणि तो आणि भिंत यांच्यामध्ये नेऊन ठेवलं.

जयदेव सरकला, तिला बसता येईल एवढाच.