लाल दिव्यावरचा नेम

"त्या लाल दिव्याला खडा मारून दाखव, माझी सगळी रंगवलेली अंडी तुझी," मामेभाऊ जलालनं पैज लावली आणि रीहामनं गलोल ताणली. शम्म अन-नसीमची, वसंताच्या सणाची सुट्टी होती. खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन नाईलकाठचं अख्खं गाव रुळालगतच्या हिरवळीवर पसरलं होतं. खडा थेट सिग्नलच्या काचेत शिरला, दिवा विझला आणि दोघांनी काढता पाय घेतला.

लोकांनी भलताच अर्थ लावला. सिग्नल बंद, म्हणजे आज गाड्याही बंद! रीहामच्या मावशीनं तर तान्ह्या बाळासकट चटई रुळांवरच अंथरली. रीहामनं तिला उठवू पाहिलं, पण मावशीनं तिलाच वेड्यात काढलं. खरं कारण सांगायला रीहामची जीभ रेटेना. शेवटी दोघं सिग्नलच्या केबिनकडे पळत सुटली.

सिग्नल सांभाळणारे सबरीकाका मासे खाऊन सुस्तावले होते. मागच्या सिग्नलपाशी अडकलेला ड्रायव्हर फोनवर विचारत होता, पुढे गाडी नाही तर इथे लाल कशाला?

"बिघाड असेल," काका जांभई देत म्हणाले. "माझी परवानगी आहे, ये तू."

"नको, काका!" रीहाम दारातूनच ओरडली. "पुढचा दिवा मी फोडलाय. लोक रुळावर बसलेत."

काकांची झोप खाडकन उडाली. त्यांनी ड्रायव्हरला जागच्या जागी थांबायला सांगितलं आणि लाल झेंडा घेऊन धावत जाऊन सगळ्यांना उठवलं.

रीहामनं काकांना खबर दिली, एवढंच कळलेल्या मावशीनं तिच्या कपाळाचे मुके घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीहामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती काकांमागोमाग केबिनमध्ये जाऊन कोपऱ्यात उभी राहिली.

"लाल दिवा गेला की त्याच्या तारेतली वीज थांबते," काका खाली मान घालून म्हणाले. "ते ओळखून मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. विझलेला सिग्नलही लालच मानायचा, हे मला तीस वर्षं पाठ आहे. यंत्रानं गाडी अडवली होती, पोरी. मी तिला बोलवत होतो."

"सिग्नलनं लगेच सांगून टाकलं," रीहाम रडत म्हणाली. "मीच केवढा वेळ लावला."

"सांगितलंस तरी. शाबास. मी अजून साहेबांना काहीच कळवलेलं नाही."

आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.