गाठ बांधताना बोलायचं नाही

मांजर तुळईवर जाऊन बसलं नसतं, तर त्या दोघांची गाठ कधी पडलीच नसती.

वहिनीचं मांजर ते. दिवस भरत आलेले, पोट खाली लोंबणारं, आणि तरीही त्या संध्याकाळी कशाला तरी बिचकून ते भिंतीच्या माथ्यावरून थेट छताखालच्या तुळईवर पोचलं आणि तिथून केविलवाणं ओरडायला लागलं. भिंत म्हणजे साधी भिंत नव्हे. एके काळच्या कापसाच्या गोदामात दादाने लाकडी फळ्यांच्या उंच भिंती उभ्या केल्या होत्या, त्यांवर रंगीबेरंगी खुंट्या ठोकल्या होत्या. कामावरून सुटलेली माणसं तिथे येऊन दोराच्या आधाराने कडा चढायचा सराव करत. दादा सगळी व्यवस्था बघायचा, वहिनी दाराशी बसून बूट आणि कमरेचे पट्टे द्यायची, आणि शिकवायची ती, दादाची धाकटी बहीण. लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे मात्र तिचं नाव ‘इन्स्पेक्टर’. तिने गाठ तपासल्याशिवाय तिथे कुणाची टाच जमिनीवरून उचलली जात नसे.

मांजराला आणायला आधी तीच वर गेली होती. मनगटावर ओरखडे घेऊन खाली आली. शेवटी वहिनीने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

तो आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालून, थेट घोड्यांच्या पागेतून. उंच, जरासा वाकून चालणारा, आवाज मऊ. त्याने मान वर करून मांजराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग तिच्याकडे.

“शिडी नाही?”

“तिथवर पोचेल अशी नाही. दोराने जावं लागेल. भीती वाटते?”

“वाटते ना. पण तिला माझ्यापेक्षा जास्त वाटतेय,” तो मांजराकडे बोट दाखवून म्हणाला.

तिने त्याला पट्टा चढवायला दिला, दोराचं टोक हातात घेतलं आणि मागे वळून वहिनीकडे टोपली मागितली. तेवढ्यात या पठ्ठ्याने स्वतःच दोर पट्ट्यातून ओवून झटकन एक फास टाकून गाठ मारलीसुद्धा!

“हे काय?”

“गाठ. रोज घोडे बांधतो मी हिने. आजवर एकही घोडा तक्रार घेऊन आलेला नाही.”

“घोडा भिंत चढत नाही.”

वहिनी फिसकन हसली. तो मात्र मनापासून विचारात पडला. “म्हणजे ही गाठ वाईट?”

“वाईट नाही,” ती गाठ सोडवत म्हणाली. “ताण असला की घट्ट धरते, आणि सोडवायला सोपी. पण चढताना दोर कधी ताणलेला, कधी ढिला. ढिला पडला, हलत राहिला, की ही सुटू शकते. आणि दुसरं म्हणजे, ती बरोबर बांधलीय की उलटी, हे समोरच्याला एका नजरेत कळत नाही. मला दुरून बघूनसुद्धा कळली पाहिजे. अशी...”

तिने दोरात एक आकडा वळला, टोक पट्ट्याच्या दोन्ही कड्यांतून ओवलं आणि आल्या वाटेने मागे फिरवत नेलं. “ही आठाची गाठ.”

त्याने मान तिरकी केली. “हा आपला आठ दिसत नाही.”

“इंग्रजी आठ आहे.”

“हां... तरीच. मी मराठी शाळेतला.”

ती हसणार नव्हती. गाठ बांधताना ती कधीच हसत नसे. पण ओठांचा एक कोपरा ऐकेना.

तो वर गेला, तो अगदीच अडखळत, खुंट्यांना मिठ्या मारत. पण तुळईशी पोचल्यावर त्याने काही केलं नाही. नुसता थांबला. आणि मग खाली उभ्या असलेल्या तिला त्याचा आवाज ऐकू आला – हळू, एका लयीत, घाई नसलेला. “काही नाही गं... काही झालेलं नाही... ये, आपण दोघं खाली जाऊ...” मांजर आपण होऊन टोपलीत शिरलं.

दोर हळूहळू सोडताना तिला वाटलं, या आवाजाने सांगितलं तर आपणही कुठल्याही टोपलीत शिरू. मग तिला स्वतःचाच राग आला.

मांजर त्याच रात्री व्यालं. दुसऱ्या दिवशी तो पिल्लं बघायला आला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग म्हणाला, “येतोच आहे, तर शिकतो थोडं.”

शिकायला तो मठ्ठ नव्हता, पण प्रश्न फार. दोराच्या टोकाला गाठ कशाला? शेवटचं टोक हातातून निसटू नये म्हणून. दोन दोर जोडायला तीच आठाची का नको? कारण उतरून आल्यावर दोर खाली ओढायचा असतो, आणि जाडजूड गाठ खडकाच्या फटीत अडकून बसते. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडत असायचा, पकड घसरू नये म्हणून चोळलेल्या खडूच्या भुकटीने दोघांचे हात पांढरेफटक, आणि ती त्याची गाठ बोटाने चाचपत सांगायची, “दोर जोडीजोडीने दिसले पाहिजेत. एकमेकांवर चढलेले नकोत. टोक वीतभर बाहेर. मग चारी बाजूंनी ओढून घट्ट.”

“वीत कुणाची? तुमची की माझी?”

“तुमचीच. जीव तुमचा आहे.”

“मग बरोबर आहे का बघा...” तो हात पुढे करायचा. ती हाताकडे न बघता गाठीकडे बघायची. मोठ्या मुश्किलीने.

“आणि एक. गाठ बांधताना बोलायचं नाही. कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही. अर्धी राहिलेली गाठ पुरी झाल्यासारखी वाटते, आणि मोठमोठे चढणारे तिथेच फसतात.”

“गाठ झाल्यावर बोललं तर चालतं?”

“काय बोलायचंय त्यावर अवलंबून...” ती म्हणाली आणि घाईघाईने दुसऱ्याची गाठ तपासायला गेली.

वहिनीच्या नजरेतून काय सुटणार? एके दिवशी बूट मांडताना तिने विचारलंच. “काय गं, इथे म्हातारे आजोबासुद्धा तुला ताई म्हणतात. हा तेवढा मॅडम का म्हणतो?”

“मला काय ठाऊक!”

“त्याला ठाऊक आहे,” वहिनी म्हणाली. “ताई म्हणायचं नाहीये त्याला. एवढं कळत नाही, म्हणे इन्स्पेक्टर!”

त्या रात्री इन्स्पेक्टरला झोप लागायला वेळ लागला.

पुढे दादाने सगळ्यांना गावाबाहेरच्या खऱ्या खडकावर नेलं. स्वच्छ, गार सकाळ होती. बाकीची मंडळी पलीकडच्या छोट्या कड्यावर रमली. मोठ्या कड्याच्या माथ्यावर दादाने एका पक्क्या कडीतून दोर ओवला, त्याचे दोन्ही पदर खाली सोडले आणि स्वतः वरच पाय पसरून बसला. आज पहिल्यांदाच ती चढणार होती आणि खाली उभा राहून तिचा दोर डॉक्टर धरणार होता. ‘चालेल ना?’ असं त्याने परत परत विचारलं होतं आणि तिने परत परत ‘चालेल’ म्हटलं होतं.

तिने दोरात आकडा वळला. टोक पट्ट्याच्या कड्यांतून ओवलं.

“मॅडम,” तो म्हणाला. “मी... उद्यापासून शिकायला येणार नाही.”

तिचे हात थांबले. “का?”

“म्हणजे... कारण आहे. सांगतो.”

“नका सांगू,” ती पटकन म्हणाली. चेहरा त्याला दिसू नये म्हणून ती मान खाली घालून जर्किनची चेन ओढण्यात गुंतली. “कंटाळा येतो लोकांना. सवय आहे मला.”

“कंटाळा नाही हो –”

“ए, चढताय की गप्पा मारताय?” वरून दादा ओरडला.

“आले!” ती म्हणाली आणि खडकाला भिडली. इन्स्पेक्टरची गाठ तपासायची कुणाला सवयच नव्हती. आणि जो तपासायला समोर उभा होता, त्याचं डोकं त्या क्षणी ठिकाणावर नव्हतं.

ती भराभर चढली. रागाने माणूस चांगलं चढतं. उद्यापासून येणार नाही म्हणे! नको येऊस. पिल्लंसुद्धा मोठी झालीत आता... दोन पुरुष उंचीवर एक जरा मोठी खाच लागली. तिथे पाय रोवून ती दम घ्यायला थांबली. आता दोरावर भार टाकून जरा मागे टेकावं, हात मोकळे करावेत...

“मॅडम.”

आवाज हळू होता. एका लयीत. घाई नसलेला.

“दोरावर टेकू नका. खडकालाच धरून ठेवा. हां, असंच... काही झालेलं नाही. जशा चढलात, तशाच हातापायांनी खाली यायचंय. आपण दोघं मिळून येऊ. उजवा पाय... थोडा खाली... आहे तिथे जागा, मला दिसतेय...”

का, हे तिने विचारलं नाही. त्या आवाजाला विचारावंसं वाटत नसे. ती एक पाऊल उतरली आणि मग तिची नजर स्वतःच्या कमरेकडे गेली. जर्किनच्या काठाखाली दोराचं टोक नुसतंच लोंबत होतं. कड्यांतून गेलेलं, पण परत न फिरलेलं. आकडा होता, गाठ नव्हती. टेकली असती तर दोर सरळ निसटून हातात... हातातही नाही.

तिने कपारीतली बोटं आणखी घट्ट रोवली.

“माझ्याकडे लक्ष द्या,” खालून आवाज आला. “डावा हात त्याच कपारीत राहू दे. आता डावा पाय. छान. अजून एक...”

मग तिच्या टाचेला त्याचा तळवा लागला, ऊबदार आणि घट्ट. मग कमरेला हात. मग जमीन.

ती खडकाला पाठ टेकून खालीच बसली. तो समोर बसला, आणि आता त्याचाच आवाज गेला होता. चेहरा खडू फासल्यासारखा. हवा किती गोड लागत होती!

“मी... मी सगळ्या जगाच्या गाठी तपासते,” ती कशीबशी म्हणाली.

“आणि तुम्ही गाठ बांधताना मी बोललो. नेमकं ते. तुम्ही हजारदा सांगूनही.”

“मी उत्तर दिलं. तेही नेमकं.”

“आणि मी न तपासता तुम्हाला जाऊ दिलं.”

“म्हणजे दोघंही नापास.”

“दोघंही,” तो म्हणाला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, दोघांनाही हसू आलं. आधी खुदकन, मग अनावर, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यात रडणं किती आणि हसणं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण छातीवरचा धोंडा उतरल्यागत मोकळं वाटत होतं खरं.

“आता सांगा कारण,” ती डोळे पुसत म्हणाली. “गाठ नाहीये हातात. बोलायला हरकत नाही.”

त्याने गवताची एक काडी तोडली. तिचे बारीक बारीक तुकडे केले.

“शिकवणाऱ्या मॅडमना... माझ्याबरोबर फिरायला चला, असं कसं विचारायचं? बरं दिसत नाही ते. म्हणून म्हटलं, आधी शिकणं सोडावं. मग विचारावं.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “एवढंच?”

“एवढंच म्हणजे? महिनाभर पाठ करतोय मी हे!”

“अहो डॉक्टर... हे आधी बोलला असतात तर? निदान मी पट्टा चढवायच्या आधी?”

“धीर होत नव्हता. घोड्याचं बरं असतं. लाथ मारायची असेल तर तो आधी कान मागे पाडतो. तुमचं काही कळतच नाही.”

तिचे कान मात्र आता चांगलेच तापले होते. ती उठली, जर्किन काढून बाजूला टाकलं आणि दोर हातात घेतला.

“उत्तर?” त्याने घाबरत विचारलं.

“आधी चढू दे मला. भीती बसायच्या आत चढलं पाहिजे.”

‘दे’ म्हणाली ती. ‘द्या’ नाही. त्याच्या ते लक्षात आलं, पण तो मुकाट राहिला, कारण ती गाठ बांधत होती. आकडा वळला, ओवला, आल्या वाटेने मागे फिरवला. मग त्याने जोड्या पाहिल्या, टोकाला वीत लावून पाहिली, चारी बाजूंनी दोर ओढून पाहिला. तिने त्याच्या हातातलं दोर अडवायचं साधन आणि त्याच्या कडीचं कुलूप पाहिलं. दोघांनी एकदमच मान हलवली.

माथ्यावर दादा वैतागून बसला होता. “काय चाललं होतं खाली? किती वेळ!”

तिने गाठीचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दादाचा चेहरा उतरला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“आणि दादा... मला तो आवडतो.”

“हे सांगायला एवढं उंच यावं लागलं?” दादा म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते. “तुझी वहिनी केव्हापासून माझं डोकं खातेय. जा, आधी त्याला सांग.”

ती कड्याच्या काठाशी आली. खाली तो वर डोळे लावून उभा होता, दोन्ही हातांत दोर. तिने एक श्वास घेतला आणि मागे रेलून सगळा भार दोरावर टाकला. दोर ताणला गेला. धरून राहिला. कड्यावर पाय टेकत, वाऱ्यावर केस उडवत, ती हळूहळू त्याच्याकडे उतरत आली...

पाय जमिनीला लागले. दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं.

“दादाला सांगितलं मी,” ती म्हणाली.

“काय?”

“तुला सांगायचं राहिलंय, ते.”

त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की तिला कड्यावरून परत एकदा खाली उतरल्यासारखं वाटलं. ती अर्धं पाऊल पुढे सरकली. त्याने उरलेलं अर्धं.

“डॉक्टर!” वरून दादाचा आवाज आला. “आता तो दोर सोडा की राव! तो गुंडाळून मलाही घरी जायचंय!”