चार घरांचा आकडा

मनप्रत घरी आली की नातेवाईक तिची परीक्षा घेत, आणि ती बहुधा लोणच्यावरच होई. मनप्रत म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनाची संगणकातली नक्कल. तिला दुःखाबद्दल कोणी विचारत नसे. तसं बरं दिसत नाही. कौमुदीच्या आईची मनप्रतही कैरीच्या फोडी आणि दूधवाल्याचे खाडे यांत पैकीच्या पैकी पास झाली होती.

"तिथंच फसलो आपण," सांगलीच्या मनप्रत केंद्रातले डॉ. शेवडे म्हणाले. "हजारो संगणक मिळून एक मन चालवतात. आठवणींचा भाग जुन्या संगणकभाषेत लिहिलाय, भावनांचा नव्या. प्रत्येक आठवणीबरोबर तिच्यातली भावना किती मोठी याचा एक आकडा जातो. जुनी भाषा त्या आकड्याला आठ घरं देते, नवी त्यातली चारच वाचते."

"मग सगळंच चुकायला हवं ना?" कौमुदीनं विचारलं.

"तेच तर! लहान आकडा चार घरांत मावतो, अख्खा पोचतो. मोठ्याचं मात्र मुंडकंच उडतं, उरलेलं काहीबाही पोचतं."

"म्हणून हृषीदादाचं नाव काढलं की आई हवापाण्याचं बोलते?" दादा धरणात बुडाला तेव्हा हीच आई वर्षभर भरल्या ताटावर रडली होती.

"म्हणूनच. दोन्ही भाषांची जुळणी केली तर ते दुःख एकदम अंगावर येईल. आणि एकदा कळलेलं मग पुसता येणार नाही. राहू द्यायचं का? आत्ता सुखात आहेत त्या."

आईच्या सुखाची काळजी कौमुदीला होतीच. पण तिचा हिशेब वेगळा होता. आई तिच्याशी बोले ती शेजारणीशी बोलावं तशी. जिवंतपणीही थोडं तसंच, पण मनातलं ओठांवर येत नसेल, अशी तिनं समजूत घातली होती. त्या मायेचंही मुंडकं उडालं असेल तर?

"करा," ती म्हणाली. बोटं पर्सच्या बंदाला पीळ देत होती.

पडद्यावर आईचा चेहरा क्षणभर थिजला. मग ती किंचाळली, "हृषी! काढा रे त्याला पाण्यातून!" हुंदके थांबेनात.

कौमुदीनं खूप वेळ वाट पाहिली. "सर... माझा आकडा? माझ्याबद्दलचा?"

शेवडेंनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"त्यात बदल नाही. तो आधीपासूनच अख्खा पोचत होता."

पडद्यावर आईनं डोळे टिपले. समोर पाहिलं. "कौमुदी, आलीस होय? चहा घेतलास का गं?"

आवाज रोजचाच होता. उत्तराची वाट न बघता ती पुन्हा हृषीला हाका मारू लागली.