कुबडाचं वळण

मोहिमेचे हेतू दोन होते. चारचौघांत सांगितलेला हेतू असा, की दिल्लीजवळच्या सोहना गावापुढे अरवलीची धार ओलांडून धौच्या झाडांच्या दरीत ट्रकवरचं घर न्यायचं आणि श्रीरंगची वर्षापूर्वी राहून गेलेली झाडांची मोजणी पुरी करायची. दुसरा हेतू एकट्या कुमुदला ठाऊक होता. रामफल मिस्त्रीला कुबडाच्या वळणावर न्यायचं आणि तिथे अनवाणी, पाण्याच्या थेंबाशिवाय, नऊ तास उन्हात सोडून यायचं!

नऊ तासच का, ते आधी सांगायला हवं. श्रीरंग सबनीस वनस्पतिशास्त्राचा माणूस, त्याची बायको कुमुद एका सरकारी खात्यात नकाशे काढणारी. दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दोघांचा संसार. रानात आठ-आठ दिवस राहता यावं म्हणून श्रीरंगनं जुना डिझेल ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर पत्र्याचं घर बसवून घेतलं. बिछाना, स्टोव्ह, कपाट, सगळं आत. घर बांधलं गुडगावच्या रामफलनं. हे नाव ऐकून कुमुदला आधी हसू आलं होतं, की सीताफळ मिस्त्रीही असेल जवळपास कुठे. पुढे ते नाव घेतलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जाऊ लागली.

गेल्या मे महिन्यात श्रीरंग एकटाच निघाला आणि डोंगराच्या खांद्यावर, जिथे वाट दरीकडे कलते, तिथे ट्रक उलटला. त्या वळणाला गुराखी ‘कूबड’ म्हणतात. छपरावरच्या दोनशे लिटरच्या टाकीनं सगळं घर ओढून आडवं केलं. श्रीरंगचा डावा पाय दाराच्या लोखंडी शिडीखाली सापडला. सकाळी सातला तो पडला आणि दुपारी चारला एका गुराख्यानं त्याला पाहिलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

टाकी वर राहू नये म्हणून कुमुदनं नकाशावर स्वतःच्या हातानं सूचना लिहिली होती. तरी मिस्त्रीनं ती छपरावरच ठोकली होती! कुमुदनं डूख धरला. पोलिसांत ती गेली नाही, कारण तिला निकाल नको होता, नऊ तास हवे होते. दरम्यान भेटेल त्या ट्रकवाल्याला, टॅक्सीवाल्याला, दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घराला तिनं सांगून ठेवलं की रामफलकडे गाडी द्याल तर पाय गमावाल.

आणि वर्षानं तीच बाई तोच ट्रक घेऊन त्याच रामफलच्या दारात उभी राहिली! लोकांनी तोंडात बोटं घातली. श्रीरंगला वाटलं, बायको निवळली. रामफलनं तर काहीच विचारलं नाही. त्यानं फक्त ट्रक आत घ्यायला फाटक उघडलं.

तीन आठवडे कुमुद रजा टाकून तिथे उभी होती. या खेपेला नकाशा नाही, कागद नाही. हातात खडू घेऊन तिनं एकेका वस्तूची जागा रेघ मारून दाखवली. टाकी छपरावरून उतरली आणि तळाशी, गाडीच्या सांगाड्याच्या म्हणजे चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये गेली. घराची उंची वीतभर छाटली. मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या कमानींना एकेक पाटा वाढला. जुनी सरळसोट शिडी भंगारात गेली आणि मागच्या दाराला तीन रुंद पायऱ्या आल्या, वरची पक्की, खालच्या दोन दुमडणाऱ्या. पायरी किती उंच असावी हे तिनं श्रीरंगला क्वार्टरच्या जिन्यावर चढवून-उतरवून मोजलं होतं. सात इंच. दोन्ही बाजूंना कठडा. त्या कठड्यावर रामफलनं न सांगता सुतळी गुंडाळली, उन्हात लोखंड तापतं आणि साहेबांचा हात भाजेल म्हणून. त्याचा हा चांगुलपणा पाहून कुमुदचा राग दुप्पट झाला. वेळेवर कुठे गेली होती ही माया?

तिथेच तिला एक गोष्ट दिसली. रामफल आपण बांधलेल्या गाडीत जोडे घालून चढत नसे. जोडे अवजारांच्या पेटीत आणि स्वारी अनवाणी. बस, बेत पक्का झाला. मेमधल्या तापल्या खडकावर अनवाणी माणूस ऊन उतरेपर्यंत पाऊल टाकू शकणार नाही. गाडीची चाचणी घ्यायला सोबत चला, असं तिनं गोड बोलून म्हटलं आणि तो आला.

पहाटे ते निघाले. श्रीरंगचा क्लचचा पाय गेलेला, म्हणून स्टिअरिंगवर कुमुद. ती याच कामासाठी वर्षभरात ट्रक चालवायला शिकली होती. गुडगाव मागे पडलं. काल जिथे मोहरीची शेतं होती तिथे आज आकाशाएवढ्या पाट्या होत्या, आणि पाट्यांवर तरणतलाव, लिफ्ट आणि हसणारी कुटुंबं. प्रत्यक्षात जमिनीवर चुन्याच्या रेघा आणि एक राखणदार. सोहना ओलांडल्यावर सडक सोडली, आणि रान लागलं. दिल्लीपासून दोन तासांवर असं रान असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वाट अडवणारी विलायती बाभूळ, करवतीसारखे काटे, आणि वर पांढरंफटक आभाळ.

कोरड्या नाल्यात मागची चाकं वाळूत रुतली. रामफलनं उतरून हवा कमी केली आणि गाडी निघाली. पुढे दगडाच्या खाणीनं अर्धी वाटच गिळली होती. ट्रक उरलेल्या अर्ध्या वाटेवरून, भिंतीला अंग घासत गेला. कलला, पण लगेच सावरला. मागून श्रीरंगनं पत्र्यावर थाप मारून शाबासकी दिली. त्याच्या कृत्रिम पायाचा पट्टा काचत होता, म्हणून तो पाय काढून आत आडवा झाला होता. 

दहाच्या सुमारास, खडक तापला असताना, कूबड आलं.

ट्रकच्या जुन्या काचांचे तुकडे अजून तिथे चमकत होते. कुमुदनं ब्रेक लावला. मागची कमान जरा बघून येता का, असं तिनं साध्या आवाजात विचारलं. रामफल अनवाणीच उतरला आणि चटके बसत होते म्हणून टाचांवर उड्या मारत मागे गेला. तिनं पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. ट्रक निघाला!

आरशात तो हात हलवताना दिसला. थांबा म्हणतोय, असं तिला वाटलं आणि तिला बरं वाटलं. तो खरं तर वाटेची कड दाखवत होता.

दहा हातांवर कड ढासळली! मागचं डावं चाक हवेत गेलं. ट्रक दरीकडे झुकला. आतली भांडी घरंगळली, श्रीरंगची किंकाळी ऐकू आली. कुमुदनं ब्रेक दाबला. खालून दणका बसला, आणि ट्रक अडकला. सगळं वजन तळाशी होतं म्हणूनच तो उलटला नाही.

आता तिला पाय उचलता येईना. आरशात तिनं पाहिलं, रामफल पळत येत होता. पळून जात नव्हता, येत होता! त्यानं मागचं दार उघडलं, पायऱ्या पाडल्या. श्रीरंग एका पायावर, कठडा धरून, एकेक पायरी उतरला आणि त्या गड्याच्या खांद्यावर रेलून वरच्या बाजूला गेला. मग रामफल दगड घेऊन थेट ट्रकखाली शिरला. कुमुदच्या मनात लख्ख आलं, की वर्षभर ज्याचा जीव मागितला तो आता माझ्या तळपायाखाली आहे. पाय नुसता सैल सोडायचा. तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला.

इतक्यात तळाशी पत्रा करकरला. टाकी खडकावर टेकली होती! ती फाटली तर ट्रक त्याच्या अंगावर बसणार. कुमुद जिवाच्या आकांतानं ओरडली, “मिस्त्री! टंकी! खाली! खाली!”

 मग पाण्याची धार ऐकू आली. धो धो धार! ती ओरडत राहिली आणि धार वाहत राहिली. पाच मिनिटं गेली. ट्रक हलका झाला, कमानी उसळल्या, टाकी खडकावरून दोन बोटं उचलली गेली. रामफलनं चाकाखाली दगड रचले, बाहेर येऊन बॉनेटवर थाप मारली. कुमुदनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, चाकं फिरली, दगड उडाले, आणि ट्रक वाटेवर आला!

पुढच्या रुंद जागी थांबवून ती उतरली ती फणकारतच. पाणी संपलं होतं. दोनशे लिटरांतला थेंब उरला नव्हता, पुढे बंपरला लटकलेली अर्धी छागळ तेवढी बाकी. पुढची दरी कोरडी, म्हणजे मोजणी गेली. ती रामफलवर तुटून पडली, की कुणी सांगितलं होतं टाकी रिकामी करायला?

“आपने,” रामफल म्हणाला. “आपने बोला, टंकी खाली.”

“मी खाली म्हटलं! खाली! उधर, पत्थर पे…”

“कुमुद,” श्रीरंग दगडावर बसूनच म्हणाला, “खाली म्हणजे त्यांच्यात रिकामं.”

रामफलनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला यात नवल वाटलं नाही. तो समजुतीनं सांगू लागला, “पिछली बार भी आपके कागज पे यही लिखा था, बहनजी. नक्शे में टंकी छत पे, और बगल में आपके हाथ का, ‘टंकी खाली रखना’. मैंने सोचा, समझदार हैं, भरी टंकी ऊपर गाड़ी पलटा देगी. मैंने एक बूँद नहीं डाली. साहब ने रास्ते में भर ली. अब टाँग गँवाए आदमी से क्या कहता, कि गलती आपकी है?”

कुमुदला तो दिवस आठवला. श्रीरंगनं काढलेल्या चित्रात टाकी वर होती. पुन्हा चित्र काढायचा कंटाळा आला, म्हणून तिनं बाजूला सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली होती, हिंदीत, मिस्त्रीला कळावी म्हणून. चौदा वर्षं दिल्लीत काढलेली बाई! भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, ऑफिसात ती ‘नीचे’ म्हणत असे. त्या दिवशी घाईत हातातून माहेरचा शब्द उतरला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. 

मग तिनं सगळं सांगून टाकलं. कमान बघायला का उतरवलं, जोडे पेटीत आहेत हे कसं हेरलं, नऊ तास कशाचे. श्रीरंगनं मान फिरवली. रामफल आपल्या तळव्यांवर आलेले फोड बघत ऐकत होता.

“साल भर से लोग कहते हैं, रामफल ने आदमी की टाँग खा ली,” तो म्हणाला. “काम आना बंद हो गया. आप आईं तो मैंने सोचा, मान गई होंगी.” तो उठला. “चाबी दीजिए. गाड़ी मैं चलाऊँगा. आप सड़क तक पैदल आइए.”

कुमुदनं किल्ली दिली आणि वाकून पायातल्या चपला काढू लागली.

“चप्पल रहने दीजिए,” तो म्हणाला. “मैं आप जैसा नहीं हूँ.”

सडक आठ किलोमीटर होती. ट्रक माणसाच्या चालीनं उतरू लागला आणि कुमुद मागून चालू लागली. श्रीरंग मागच्या दारात उंबऱ्यावर बसला होता, पाय पक्क्या पायरीवर, एक हात कठड्याला, मांडीत छागळ. लूचा तापला वारा अंगावर येत होता. वळण आलं की रामफल थांबे, ती पोचली की पुन्हा निघे. वर बसा, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. दोनदा ती ठेचकाळून पडली. श्रीरंगनं छागळ पुढे केली, तिनं दोन घोट घेतले.

खाणीच्या जवळ तिनं विचारलं, “तुम्हाला माझा राग येत नाही का हो?”

“येतोय,” श्रीरंग म्हणाला. “तू चाल.”

ती चालली. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ती चालली. वर्षभर दुसऱ्यासाठी जपून ठेवलेलं ऊन आज तिच्या डोक्यावर होतं, आणि ते योग्यच होतं हे तिला कळत होतं.

दिवस कलताना सडक लागली. रामफल लंगडत मागे आला. कुमुदनं मोजणीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं, पत्र्यावर ठेवलं आणि लिहिलं, की गेल्या वर्षीच्या अपघातात रामफल मिस्त्रीचा काही दोष नव्हता, ‘नीचे’च्या जागी ‘खाली’ मी लिहिलं, चूक माझी. खाली सही केली. रामफलनं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

“घर का पता भी लिखिए,” तो म्हणाला. “जो पूछेगा, आपके पास भेजूँगा.”

तिनं क्वार्टरचा नंबर लिहिला. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खालच्या दोन पायऱ्या पाडल्या.

“अब बैठिए.”

कुमुदनं वर पाहिलं. श्रीरंगनं सरकून जागा केली, पण हात पुढे केला नाही. कठडा धरून ती आपली आपण चढली.